व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) स्टोरेज ड्रायव्हरचा थर पुन्हा वापरता येईल असा कसा रचायचा?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात उद्यमनगरातली एक छोटी टीम फाउंड्र्या, सूतगिरण्या आणि साखर कारखान्यांना सर्व्हर बसवून देते. त्यावर केव्हीएममध्ये (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) दोन-चार व्हर्च्युअल मशीन चालतात: ईआरपीचं एक, वजनकाट्याचं एक, हजेरीचं एक. गिऱ्हाईकागणिक स्टोरेज वेगळं. कुणाकडे सर्व्हरमधलीच एसएसडी, कुणाकडे एनएफएसवरचा (नेटवर्कवरून फाइली देणारी पद्धत) नॅस, म्हणजे नेटवर्कवरची साठवण पेटी, कुणाकडे आयस्कझीचा (नेटवर्कवरून थेट डिस्क देणारी पद्धत) जुना सॅन. तिन्हींसाठी तीन ड्रायव्हर लिहून झालेत, बराच कोड तिन्हींत तोच आहे, आणि आता गोकुळ शिरगावच्या एका गिऱ्हाइकासाठी चौथा, सेफचा (अनेक सर्व्हरवर डेटा विखरून ठेवणारं स्टोरेज), लिहायचा आहे. शिवाय मोठ्या डिस्कवर रँडम रीड मंद असल्याची तक्रार आहे. एक बेस क्लास (सामाईक कोडचा मूळ साचा) काढून चौघांनी त्यातून इनहेरिट करावं का?

बेस क्लास एवढ्यात काढू नका. तीन ड्रायव्हरमध्ये सारखा दिसणारा कोड बहुतेक वरवरचा असतो: पाथ जुळवणं, लॉग लिहिणं, पुन्हा प्रयत्न करणं. खरा फरक वेगळ्याच ठिकाणी असतो. ‘राइट झालं’ असं गेस्टला (आतल्या व्हर्च्युअल मशीनला) कळवलं म्हणजे डेटा नेमका कुठवर पोचला? फ्लशला, म्हणजे ‘आतापर्यंतचं सगळं डिस्कवर पक्कं कर’ या मागणीला, उत्तर कधी द्यायचं? डिस्क भरली तर कुणाला काय सांगायचं? हे कुठेच लिहिलेलं नसतं, प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात दडलेलं असतं. बेस क्लास काढला की हा फरक झाकला जातो आणि चौथ्या ड्रायव्हरच्या वेळी भलत्याच ठिकाणी बाहेर येतो. आधी थरांमधला करार कागदावर उतरवा. मग क्लास करा, रस्टमधला ट्रेट करा, नाहीतर सीमधलं फंक्शन पॉइंटरचं स्ट्रक्चर ठेवा, काहीही चालतं.

कराराआधी वाटणी. तुमच्या ‘एनएफएस ड्रायव्हर’ नावाच्या एका फाइलीत तीन वेगळी कामं कोंबलेली दिसतात. गेस्टच्या आत कुठला ड्रायव्हर लागतो ते बघणं हे एक. होस्टवर (मशीन चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर) गेस्टची रिक्वेस्ट घेऊन प्रत्यक्ष वाचणं-लिहिणं हे दुसरं. आणि व्हॉल्यूम (व्हर्च्युअल डिस्क) तयार करणं, मोठा करणं, स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेणं, मशीनला जोडणं हे तिसरं. तिसरं काम दिवसातून चार वेळा होतं, त्याला दोन सेकंद लागले तरी कुणाचं बिघडत नाही, पण मध्येच तुटलं तर ते पुन्हा चालवता आलं पाहिजे. दुसरं काम सेकंदाला हजारो वेळा होतं आणि त्यात चूक झाली तर डेटा जातो. ओपनस्टॅकमधलं (क्लाउड चालवण्याचं सॉफ्टवेअर) सिंडर किंवा कुबरनेटीसच्या दुनियेतलं सीएसआय ही तिसऱ्या कामाची इंटरफेस आहेत. त्यांच्यात रीड-राइट नावाचं काही नसतंच. सीएसआयमधला एक नियम मात्र उचला: तीच मागणी त्याच नावाने दोनदा आली तर दुसऱ्यांदा नवा व्हॉल्यूम न बनवता पहिल्याचंच उत्तर परत द्यायचं. वीज जाऊन मॅनेजमेंटचं मशीन रीस्टार्ट झालं की अर्धवट राहिलेल्या व्हॉल्यूमचा ढीग साचतो तो हा नियम न पाळल्यामुळे.

गेस्टच्या बाजूला स्वतःचं काहीही लिहू नका. व्हर्टआयओ (गेस्ट आणि होस्ट यांच्यातली व्हर्च्युअल डिव्हाइसची ठरलेली भाषा) वापरा आणि पुढे चला. पण ते कसं रचलंय हे नीट वाचा, कारण पुन्हा वापरता येणारा थर म्हणजे काय याचा त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही. त्याआधी झेनचे ड्रायव्हर वेगळे, व्हीएमवेअरचे वेगळे, मेनफ्रेमचे वेगळे. रस्टी रसेल यांनी लिहिलेलं व्हर्टआयओ जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये ओएसिस या मानक संस्थेचं १.० हे मानक झालं. त्यात तीन गोष्टी एकमेकींपासून तोडलेल्या आहेत: डिव्हाइस काय आहे, रिक्वेस्ट ज्यातून जाते तो क्यू कसा आहे, आणि तो क्यू गेस्टला सापडतो कसा. त्यामुळे तोच ब्लॉक ड्रायव्हर पीसीआयवर चालतो, छोट्या मायक्रोव्हीएममध्ये साध्या मेमरी-मॅप्ड रजिस्टरवर चालतो आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवरही चालतो. रिक्वेस्ट किती लहान आहे बघा. सुरुवातीला १६ बाइटचं हेडर, त्यात रिक्वेस्टचा प्रकार आणि सेक्टर नंबर; मध्ये डेटाचे बफर; शेवटी होस्टने भरायचा १ बाइटचा निकाल. साध्या डिस्कसाठी निकाल तीनच: झालं, चूक झाली, हे मला येत नाही. सेक्टर नंबर नेहमी ५१२ बाइटच्या हिशेबात, मग डिस्कचा ब्लॉक ४०९६ चा का असेना. नवी सोय हवी असेल तर एक फीचर बिट वाढतो; जुन्या गेस्टला तो कळला नाही तर तो ती सोय मागत नाही, एवढंच.

गेस्टकडची दोन दुखणी तुमच्या लोकांना माहीत असतीलच. जुनं विंडोज मशीन साटा डिस्कवरून थेट व्हर्टआयओवर नेलं की निळ्या पडद्यावर ०x७बी दिसतो, कारण बूट होताना ड्रायव्हर हजर नसतो. आधी त्याच मशीनला व्हर्टआयओची एक छोटी रिकामी दुसरी डिस्क जोडायची, ड्रायव्हर आत बसू द्यायचा, मग मुख्य डिस्क बदलायची. लिनक्समध्ये तेच दुखणं इनिट-रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) मॉड्यूल नसल्याने होतं. हे दोन्ही स्थलांतराच्या स्क्रिप्टमध्ये घाला. ड्रायव्हरच्या थरात याचा मागमूस नको.

आता होस्टची बाजू, जिथे तुमचं खरं काम आहे. क्यूएमयूने (केव्हीएमबरोबर चालून गेस्टला डिव्हाइस पुरवणारा प्रोग्रॅम) हे कोडं सोडवलंय: वर गेस्टला दिसणारं डिव्हाइस, खाली नोड्सची साखळी. साखळीतला एक नोड फॉरमॅट समजतो, म्हणजे क्यूकाऊ२ (क्यूएमयूचा स्वतःचा डिस्क-इमेज फॉरमॅट) किंवा रॉ (जसेच्या तसे बाइट). त्याखालचा नोड बाइट कुठून आणायचे ते समजतो, म्हणजे फाइल, आयस्कझी, एनबीडी (नेटवर्कवरून डिस्क दाखवणारा साधा प्रोटोकॉल), सेफचं आरबीडी (सेफमधली व्हर्च्युअल डिस्क). मध्ये हवे तेवढे फिल्टर: वेग मर्यादित करणारा, दुसरीकडे प्रत काढणारा. क्यूकाऊ२ ला खाली एनएफएसवरची फाइल आहे की आयस्कझीचं लन (सॅनवरची एक डिस्क) आहे हे कळतच नाही, कळायची गरजही नाही. तुमच्या तीन ड्रायव्हरपैकी दोघांत क्यूकाऊ२ चं ज्ञान शिरलंय असं वर्णनावरून वाटतं. ते बाहेर काढलंत तर सेफच्या ड्रायव्हरला लिहायला फारच थोडं उरेल.

या साखळीतल्या प्रत्येक नोडला मी एवढीच कामं देतो: वाच, लिही, फ्लश कर, हा भाग सोडून दे, या भागात शून्य भर, तुझ्या मर्यादा सांग, आणि हातातलं सगळं संपवून थांब. स्नॅपशॉट या यादीत नाही, मुद्दाम नाही. सेफला स्नॅपशॉट स्वतःला येतो, क्यूकाऊ२ ला फॉरमॅटमध्ये येतो, रॉ फाइलला येत नाही. सगळ्यांना एकाच फंक्शनमध्ये बसवायला गेलात तर ते फंक्शन तिघांपैकी कुणाचंच राहत नाही. तो नियंत्रणाच्या बाजूला ठेवा.

ऑफसेट आणि लांबी बाइटमध्ये ठेवा, सेक्टरमध्ये नको. क्यूएमयूचा ब्लॉक लेयर आधी सेक्टरमध्ये होता, नंतर हळूहळू बाइटवर आणावा लागला. तुमचा कोड अजून लहान आहे, तेवढी यातायात कशाला.

‘मर्यादा सांग’ यातली सगळ्यात महत्त्वाची मर्यादा अलाइनमेंटची. होस्टची पेज कॅश टाळण्यासाठी ओ-डायरेक्टने फाइल उघडली की खालची डिस्क ५१२ किंवा ४०९६ च्या पटीतच वाचणं-लिहिणं मागते. समजा खाली ४०९६ लागतात आणि गेस्टला आपण ५१२ चा ब्लॉक दाखवलाय. गेस्ट एकाच वेळी दोन राइट पाठवतो: एक सेक्टर ० ला, एक सेक्टर १ ला. दोन्ही एकाच ४०९६ च्या ब्लॉकमध्ये पडतात. पहिला राइट पूर्ण ब्लॉक वाचतो, आपले ५१२ बाइट बदलतो. तेवढ्यात दुसऱ्यानेही तोच जुना ब्लॉक वाचलेला असतो. पहिला लिहितो, मग दुसरा लिहितो, आणि पहिल्याने लिहिलेलं पुसलं जातं. दोघांनाही ‘झालं’ असंच उत्तर जातं. लॉगमध्ये काही नाही, चाचणीत काही नाही, कारण चाचण्या सहसा एकामागून एक राइट करतात. म्हणून वाचून-बदलून-लिहिण्याचं काम एकाच सामाईक थरात ठेवायचं. त्या थराने एकाच ब्लॉकवरच्या अशा रिक्वेस्ट एकामागून एक सोडायच्या, आणि खालच्या प्रत्येक बॅकएंडने फक्त ‘मला इतक्याच्या पटीत हवं’ एवढं सांगायचं. तीन ड्रायव्हरमध्ये तीनदा लिहिलेला कोड एका ठिकाणी आणून खरा फायदा होतो तो इथे.

फ्लशवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातलं उदाहरण सांगतो. गळीत हंगाम चालू, काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन घेतलं जातं, गाडी गव्हाणीकडे रिकामी होऊन परत येते, रिकामं वजन घेतलं जातं, पावती छापून हातात पडते. काट्याचा डेटाबेस व्हर्च्युअल मशीनमध्ये. एके रात्री वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला, होस्ट बंद पडला. वीज आल्यावर सगळं व्यवस्थित सुरू झालं, डेटाबेसनेही तक्रार केली नाही. फक्त शेवटच्या काही गाड्यांच्या नोंदी नव्हत्या, आणि नवीन पावत्यांवर आधीच वाटलेले नंबर पुन्हा छापून येऊ लागले. एकाच नंबरच्या दोन पावत्या दोन शेतकऱ्यांकडे. शेतकी खात्यात काय गोंधळ झाला असेल ते सांगायला नको.

आधीच्या पुरवठादाराने विंडोज लवकर इन्स्टॉल व्हावं म्हणून डिस्कचा कॅश मोड ‘अनसेफ’ ठेवला होता आणि तो तसाच राहिला होता. या मोडमध्ये गेस्टने पाठवलेला फ्लश होस्ट ऐकून सोडून देतो आणि ‘झालं’ म्हणतो. डेटाबेस बिचारा प्रत्येक व्यवहारानंतर इमानेइतबारे फ्लश पाठवत होता.

तेव्हा करारात हे शब्दशः लिहा. राइट पूर्ण झालं म्हणजे त्यानंतरच्या रीडला नवा डेटा दिसेल, याहून जास्त काही नाही; वीज गेली तर तो डेटा जाऊ शकतो. फ्लश पूर्ण झाला म्हणजे तो फ्लश येण्याआधी पूर्ण झालेले सगळे राइट वीज गेली तरी टिकतील. फ्लशच्या वेळी अजून वाटेत असलेल्या राइटबद्दल काहीच हमी नाही. ही तीन वाक्यं प्रत्येक नोडला, फिल्टरलाही, लागू. मधल्या नोडने काही हातात धरून ठेवलं असेल तर फ्लश खाली पाठवण्याआधी ते आधी खाली उतरवलं पाहिजे. क्यूकाऊ२ सारख्या फॉरमॅटमध्ये तर क्रमही लागतो: नवा क्लस्टर वापरात घेतल्याची नोंद आणि त्यातला डेटा डिस्कवर पोचल्याशिवाय त्या क्लस्टरकडे बोट दाखवणारी टेबलमधली नोंद पोचता कामा नये. उलटं झालं आणि मध्येच वीज गेली तर गेस्टला दुसऱ्याच कुणाचा जुना डेटा दिसू शकतो.

सेफचं म्हणाल तर त्याच्या लायब्ररीत एक शहाणपणाची सोय आहे. आरबीडीचा कॅश सुरुवातीला प्रत्येक राइट थेट खाली लिहितो आणि गेस्टकडून पहिला फ्लश आला की मगच राइट-बॅक होतो. फ्लश कधीच न पाठवणारे जुने गेस्ट यामुळे वाचतात. ही सोय डीफॉल्टला चालू असते, वेगाच्या नादात बंद करू नका. आणि तुमच्या मधल्या एखाद्या फिल्टरने जोडणीच्या वेळीच स्वतःहून फ्लश पाठवला तर ती निष्प्रभ होते, हेही ध्यानात ठेवा.

फ्लशला चूक आली तर काय? पुन्हा प्रयत्न करा, असं सगळ्यांना वाटतं. लिनक्सवर फाइलमधून बफर करून लिहीत असाल तर हे धोक्याचं आहे. डिस्कवर लिहिताना चूक आली की कर्नल ती पानं ‘स्वच्छ’ मानून सोडून देऊ शकतं. पहिला एफसिंक (लिनक्समधला फ्लशचा कॉल) चूक सांगतो, दुसरा खुशाल यशस्वी होतो, डेटा मात्र गेलेला असतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांनी २०१८ मध्ये यावर मोठी चर्चा केली आणि पुढे एफसिंक चुकला की थेट सर्व्हर पाडून लॉगमधून सावरायचं असं ठरवलं. तुमच्या थरात याचं रूप असं: एकदा फ्लश चुकला की तो नोड बिघडलेल्या अवस्थेत जातो आणि माणूस किंवा वरची यंत्रणा हात घालेपर्यंत पुढच्या प्रत्येक फ्लशला चूकच परत करतो.

चुकांचंही थोडं असंच. व्हर्टआयओमध्ये गेस्टपर्यंत जाणारा निकाल तीनच प्रकारचा, त्यामुळे ‘जागा संपली’, ‘नॅस उत्तर देत नाही’ आणि ‘सेक्टर खराब आहे’ हे तिन्ही गेस्टला एकसारखेच दिसतात. फरक होस्टलाच कळतो, म्हणून निर्णयही होस्टवरच घ्यायचा. जागा संपली असेल तर मशीन थांबवून ठेवा, जागा वाढवा, पुन्हा सुरू करा. गेस्टला पत्ताही लागणार नाही. लिबव्हर्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था बघणारी लायब्ररी) हे धोरण डिस्कच्या वर्णनात लिहिता येतं. पण त्यासाठी खालच्या नोडने मूळ कारण वरपर्यंत जसंच्या तसं पोचवलं पाहिजे. सगळ्या चुका एकाच कोडमध्ये भरण्याची खोड तुमच्या आयस्कझी ड्रायव्हरला नक्की असणार, बहुतेकांना असते. एनएफएसच्या बाबतीत माउंट ‘हार्ड’च ठेवा. ‘सॉफ्ट’ माउंट ठरावीक वेळेनंतर चूक परत करतो. आपल्याकडे सर्व्हर यूपीएसवर आणि मधला नेटवर्क स्विच साध्या प्लगवर हा प्रकार सर्रास असतो. वीज गेली की स्विच पडतो, माउंट चूक देतो, आणि गेस्टची फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होऊन बसते.

क्षमतांचा करार मशीन सुरू होतानाच ठरतो आणि चालू मशीनखाली तो बदलता येत नाही. हे लोक विसरतात. एसएसडीवर सुरू केलेल्या मशीनला तुम्ही ‘भाग सोडून दे’ ही सोय दाखवली, आणि उद्या ते चालू स्थितीत जुन्या एनएफएस ३ वरच्या नॅसवर नेलं, जिथे फाइलीत भोक पाडण्याची सोयच नाही. गेस्ट मात्र ती रिक्वेस्ट पाठवत राहणार. इथे एक बारकावा कामाला येतो. ‘सोडून दे’ ही नुसती सूचना आहे. खालच्याला येत नसेल तर काहीही न करता ‘झालं’ म्हणणं कायदेशीर आहे, कारण त्यानंतर तिथे काय वाचायला मिळेल याची हमीच नसते. ‘शून्य भर’ मात्र सूचना नाही, आज्ञा आहे. येत नसेल तर सामाईक थराने खरोखर शून्यं लिहिली पाहिजेत. दोन्हींना एकाच फंक्शनमध्ये फ्लॅग लावून गुंडाळलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, आणि एक ना एक दिवस कुणीतरी फ्लॅग विसरतं.

ब्लॉकचा आकारही मशीनचा गुणधर्म माना, बॅकएंडचा नको. ५१२ चा ब्लॉक दाखवून पार्टिशन केलेली डिस्क उद्या ४०९६ चा ब्लॉक दाखवणाऱ्या जागी नेली तर जीपीटीचं (पार्टिशनच्या तक्त्याचं) हेडर सापडत नाही, कारण ते ‘ब्लॉक क्रमांक १’ वर असतं आणि तो क्रमांक आता दुसऱ्याच बाइटवर गेलेला असतो.

‘हातातलं संपवून थांब’ हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याशिवाय काहीच होत नाही. स्नॅपशॉट, स्थलांतर, साखळीत नवा फिल्टर घालणं, या सगळ्यांना वाटेत एकही रिक्वेस्ट नाही अशी स्थिती लागते. ते सामाईक थरात मोजणी ठेवून एकदाच लिहा. याच जागी इमेज लॉकही घ्या, म्हणजे तीच फाइल दोन होस्ट एकदम उघडणार नाहीत. क्यूएमयूने २०१७ मध्ये २.१० पासून हे आपोआप करायला सुरुवात केली.

प्रत काढणाऱ्या फिल्टरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, २०२१ मध्ये पुन्हा तेच, आणि तेव्हापासून इथल्या गिऱ्हाइकांना डेटाची एक प्रत गावाबाहेर हवी असते. हे काम फिल्टरचंच. पण दूरची लिंक पडली म्हणून गेस्टचा राइट अडता कामा नये. लिंक नसताना कुठले भाग बदलले याचा बिटमॅप (प्रत्येक भागाला एक बिट) ठेवायचा आणि लिंक आली की तेवढेच पाठवायचे. १ टीबी डिस्कला ६४ केबीच्या भागांनी बिटमॅप २ एमबीचा होतो, म्हणजे काहीच नाही. फक्त होस्ट अचानक बंद पडला असेल तर डिस्कवरच्या बिटमॅपवर विश्वास ठेवायचा नाही. उघडताना ‘वापरात आहे’ अशी खूण करायची, नीट बंद करताना ती काढायची, आणि सुरू होताना ती खूण दिसली तर पूर्ण डिस्क पुन्हा ताडून बघायची.

सामाईक कोडचा एक धोकाही आहे. मे २०१५ मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ नावाची चूक क्यूएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये २००४ पासून होती, आणि तोच कोड झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स अशा सगळ्यांनी घेतलेला असल्यामुळे सगळेच एकदम उघडे पडले. चौघांचा कोड एक झाला की चौघांची चूकही एक होते. म्हणून गेस्टकडून येणारं हेडर होस्टच्या मेमरीत एकदाच कॉपी करा आणि तीच कॉपी तपासून तीच वापरा. तपासताना एकदा आणि वापरताना पुन्हा गेस्टच्या मेमरीतून वाचलं तर मधल्या क्षणी गेस्ट ते बदलू शकतो. आणि इमेज कुठल्या फॉरमॅटची आहे याचा अंदाज कधीही बांधू नका, तो नेहमी बाहेरून सांगितलेला असू द्या. रॉ डिस्कच्या सुरुवातीला गेस्टने क्यूकाऊ२ चं हेडर लिहिलं आणि होस्टने अंदाजाने ते खरं मानलं, तर त्या हेडरमधल्या पाथवरची होस्टची फाइल गेस्टला वाचता येते. हे जुनं आहे, पण संपलेलं नाही: २०२४ मध्ये ओपनस्टॅकला सीव्हीई-२०२४-३२४९८ या सुरक्षा-त्रुटीत क्यूकाऊ२ च्याच बाहेरच्या डेटा फाइलच्या सोयीने गाठलं.

वेगाचं शेवटी. तुमच्या मोठ्या डिस्कवर ‘रँडम रीड मंद आहे’ ही तक्रार बहुधा ड्रायव्हरची नसावी. क्यूकाऊ२ चा क्लस्टर ६४ केबीचा, प्रत्येक क्लस्टरला टेबलमध्ये ८ बाइट. म्हणजे १ टीबी डिस्कला १२८ एमबीचं टेबल. डीफॉल्टचा ३२ एमबीचा कॅश २५६ जीबीपर्यंतच पुरतो. पुढे प्रत्येक रीडसाठी आधी टेबल वाचावं लागतं. कॅश वाढवा किंवा क्लस्टर मोठा करा. आयओ-युरिंगकडे (लिनक्सची वेगवान वाचण्या-लिहिण्याची सोय) त्यानंतर वळा.

चाचण्यांमध्ये कंजूसपणा नको, कारण पुढच्या बॅकएंडला तुम्ही खरोखर जशाच्या तशा वापराल त्या याच. प्रत्येक बॅकएंडवर तोच संच चालला पाहिजे. मेमरीतला एक साधा बाइटचा अॅरे खरा धरा, यादृच्छिक आणि एकाच वेळी चालणाऱ्या रिक्वेस्ट दोन्हींकडे पाठवा, निकाल ताडा. वरची सेक्टर ० आणि १ ची चूक यातच सापडते. दुसरी चाचणी वीज जाण्याची. खाली जाणारा प्रत्येक राइट आणि फ्लश क्रमाने नोंदवा, मग प्रत्येक फ्लशनंतरची डिस्क पुन्हा उभी करून बघा की जे टिकायला हवं ते टिकलंय का. लिनक्समध्ये यासाठी डीएम-लॉग-राइट्स आहे. तिसरी, मुद्दाम चुका घालण्याची.

तुमच्या छोट्या टीमने हे सगळं स्वतः लिहावं का, हा खरा प्रश्न. माझं मत: डेटाचा मार्ग क्यूएमयूकडेच ठेवा. सेफसाठी त्यात आरबीडी आहेच, तुम्हाला फक्त नियंत्रणाची बाजू लिहावी लागेल. उद्या अगदीच विचित्र स्टोरेज आलं तर एनबीडीकिटचा (एनबीडी सर्व्हर बनवायचं साधन) प्लगइन लिहा. पायथनमध्येही लिहिता येतो, उशीर आणि चुका घालणारे त्याचे फिल्टर चाचणीला तयार मिळतात, आणि क्यूएमयूला ते साधं एनबीडी म्हणून दिसतं.

सुरुवात मात्र नॅसपासून करा. ज्या ज्या गिऱ्हाइकाकडे एनएफएस आहे तिथल्या नॅसवर जाऊन एक्सपोर्टच्या ओळीत ‘एसिंक’ लिहिलंय का ते बघा. काही नॅस वेग दाखवण्यासाठी ते आधीपासून चालू करून देतात. तिथे ‘एसिंक’ असेल तर सर्व्हर डिस्कवर पोचण्याआधीच ‘झालं’ म्हणतो आणि वर तुम्ही फ्लश कितीही नीट लिहिलात तरी उपयोग नाही. ‘सिंक’ केल्यावर वेग पडेल, गिऱ्हाईक फोन करेल. त्याला नॅसमध्ये पॉवर-लॉस प्रोटेक्शनवाली एसएसडी लॉगसाठी घ्यायला सांगा.